बेडची परीक्षा नखानं होत नाही

वडगाव, बेळगाव इथून ३८ वर्षांच्या एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्या काही वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होत्या; मुलगी झाल्यावर नोकरी सुटली. सासरे, म्हणजे मामा, जन्मभर टर्नर. घरामागच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं यंत्र, टाकून त्यांनी जॉबवर्क केलं, दोन मुलं शिकवली. डोळे आणि गुडघे साथ देईनात तसं बारा वर्षांपूर्वी काम थांबलं. शेड पाडून भाड्याची खोली काढली, थ्री फेज मीटर परत गेलं आणि लेथ गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जाऊन बसला. साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा, नेमप्लेट नसलेला. हा लेथ दुरुस्त करून चालवावा, जमलं तर थोडं जॉबवर्क करावं, असं या भगिनीच्या मनात आहे. भिशीचे साठ हजार हाताशी आहेत. नवरा म्हणतो, वॅगन आर पावसात भिजते, आधी गॅरेज मोकळं कर. पुण्याचे दीर म्हणतात, विकून टाका. भंगारवाल्यानं बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब बिडाच्या पाटावरून, नख फिरवून ‘बेड गेलाय’ सांगितलं आणि किलोचा भाव लावला. ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो, सगळा खोलून, घासून, रंगवून नवा करू. मामा एवढंच म्हणतात, ‘राहू दे की आता. मशीन हाय खरं, चालिवणार कोण?’ मात्र दर खंडेनवमीला ताडपत्री वर करून ते हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या लोखंड फिरवणाऱ्या डोक्याला, कुंकू लावतात, फूल ठेवतात. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे: मामांच्या डाव्या हाताचं एक बोट पेरभर कमी आहे, याच लेथच्या गिअरमध्ये गेलेलं. प्रश्न असा: खर्च करावा का, की हा नुसता हट्ट आहे?

ताई,

तुमच्या पत्रात पाच माणसांची मतं आहेत आणि माप एकही नाही. जिनं कित्येक वर्षं मायक्रोमीटर हातात धरून दुसऱ्यांचे जॉब, म्हणजे मशीनवर काढलेले नग, पास-नापास केले, तिच्या पत्रात हे कसं झालं याचं मला नवल वाटलं. कारखान्यात कुणी तुमच्या टेबलावर शाफ्ट ठेवून ‘हा गेलाय’ म्हटलं असतं, तर तेवढ्यावर तुम्ही रिजेक्टचा शिक्का मारला असता काय?

भंगारवाल्याचं गणित सरळ आहे. जो वजनावर घेतो, त्याला मशीन मेलेलंच हवं असतं. त्याच्या नखाला पायरी लागली असेल, ते खोटं नाही. लेथवरची बहुतेक कामं चकपासून, म्हणजे जॉब धरणाऱ्या पंजापासून, हातभर अंतरात होतात, कॅरेज, म्हणजे टूल वाहणारी गाडी, तिथंच आयुष्यभर पुढं-मागं करते, म्हणून बेड तिथं झिजतो आणि टेलस्टॉककडचा, म्हणजे दुसऱ्या टोकाकडचा, भाग जवळजवळ कोरा राहतो. वीस-तीस वर्षं पोट भरलेल्या कुठल्याही लेथवर ही पायरी नखाला लागणारच. झीज आहे का, हा प्रश्नच नाही. किती आहे, कुठल्या दिशेला आहे आणि तुमच्या कामाला ती आड येते का, हे बघायचं.

यातली दिशा ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. बेड झिजला की कॅरेज खाली बसते आणि टूलची धार सेंटरच्या खाली जाते. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर टूल ०.१ मिलिमीटर खाली गेलं, तर व्यासात किती फरक पडेल? काटकोन त्रिकोण मांडून बघा: एक बाजू २५, दुसरी ०.१. कर्ण येतो २५.०००२. म्हणजे व्यास अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी वाढला; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मिलिमीटरच्या पिनवर हाच फरक २ मायक्रॉनच्या आसपास जातो. तोही तुमच्या कारखान्यातल्या ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरला दिसणार नाही. मात्र तेच टूल आडवं ०.१ नं सरकलं, जॉबपासून लांब गेलं, तर व्यासात सरळ ०.२ चा फरक पडतो. बेडची पुढची व्ही, म्हणजे व्हीच्या आकाराची कड, एका उतारावर जास्त झिजते, त्यामुळे खाली बसता बसता कॅरेज थोडी बाजूलाही जाते. त्रास देते ती ही बाजूची सरक. ती नखाला कळत नाही, भंगारवाल्याला तर नाहीच.

तेव्हा पहिलं काम मोजायचं. त्यासाठी लेथ खोलायची गरज नाही, वीजही लागत नाही. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन बेड, क्रॉस स्लाइड, म्हणजे टूल आडवं सरकवणारी बैठक, आणि टेलस्टॉकची नळी पुसून काढा. तिथं ग्राइंडर, वायर ब्रश, एमरी पेपर यांना हात लावू नका. गंज जातो आणि त्याच्याबरोबर मापही जातं. वरचा तांबडा पापुद्रा निघाल्यावर खाली काळे डाग उरतील. ते राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही. छोटे सुटे भाग, म्हणजे हँडल, नट, चकच्या जॉब पकडणाऱ्या जॉ, हे गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराण्यात मिळणारी लिंबूफुलं, घालून काही तास बुडवा. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडे करा आणि लगेच तेल लावा, नाहीतर आपल्याकडच्या जुलैच्या हवेत रात्रीतून पुन्हा तांबडे होतील.

मग कॅरेजची परीक्षा. चकजवळ कॅरेज आणून पट्टी, म्हणजे गिब, इतकी आवळा की ढिलाई राहणार नाही पण हात-चाक फिरेल. आता कॅरेज हळूहळू टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत गेली तर बेड चांगला आहे. मध्येच आवळत जाऊन अडकली तर झीज बरीच आहे, आणि ती कुठून सुरू होते तेही तुम्हाला तिथंच कळलं. अडकली म्हणून घाबरू नका. छोटी कामं ज्या हातभर भागात करणार, तिथं बेड एकसारखा झिजलेला असला तर लेथ तुम्हाला चांगला जॉब देतो.

दुसरी परीक्षा स्पिंडलची, म्हणजे चक फिरवणाऱ्या आसाची. चक उतरवून ठेवा. जुन्या चकच्या जॉ पुढून फाकलेल्या असतात आणि लोक तो दोष स्पिंडलच्या माथी मारतात. क्रॉस स्लाइडवर मॅग्नेट स्टँड लावून डायल गेजचा काटा स्पिंडलच्या नाकावर, जिथं चक बसतो त्या गोल भागावर टेकवा आणि स्पिंडल हातानं फिरवा. १०-२० मायक्रॉन हललं तर जुन्या लेथला ते शोभतं. नंतर स्पिंडलच्या भोकात लाकडी दांडा घालून वर उचला आणि काटा किती हलतो ते बघा. पट्ट्याचा जुना लेथ म्हणजे गन मेटलचे बुश, म्हणजे स्पिंडल ज्यांत फिरतो त्या नळ्या, असण्याची शक्यता जास्त. बुशात २०-३० मायक्रॉन हालचाल असणारच, तेलाच्या थराला जागा लागते. त्याच्या दुप्पट-तिप्पट असली तर बुशच्या टोपीखालच्या शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, बघाव्या लागतील. त्या शिमना मात्र तुम्ही एकट्यानं हात लावू नका. का ते पुढं सांगतो.

ही दोन मापं, आणि तिसरं चेंज गिअरचे, म्हणजे आटे पाडताना बदलायच्या गिअरचे, दाते मोजून लिहिलेली यादी. एवढं वहीत आलं की तुमच्याकडे बोलायला काहीतरी आहे. आज जे आहे ते नुसतं वातावरण आहे.

आता ओळखीच्या मेकॅनिकची सूचना. सगळा खोलून, घासून, रंगवून नवा करू. मला ती पसंत नाही. बंद पडलेला लेथ पूर्ण खोलला की बहुतेक वेळा तो खोक्यांतच राहतो. हेडस्टॉकचे भाग एका पिंपात, गिअर दुसऱ्या पिंपात, स्क्रू डब्यात, आणि दोन वर्षांनी भंगारवाला तीच किंमत देऊन सगळं उचलतो. शिवाय न मोजता खोललं तर जे जुळलेलं होतं तेही बिघडतं. रंगाला तर मी शेवटून पहिला नंबर देईन. तेल खाल्लेल्या बिडाच्या कास्टिंगवर लांबी भरून मारलेला रंग फोटोत छान दिसतो आणि महिन्याभरात तळव्याएवढ्या पापुद्र्यांनी निघतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं; घरात लहान मुलगी आहे, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवू नका. खरवडायचाच झाला तर ओला करून खरवडा. पण आत्ता नको. लेथ काही महिने फिरू दे, मग हिरवा की करडा ते ठरवा.

माझा क्रम असा: साफ करा, मोजा, तेल घाला, फिरवा, पहिला जॉब काढा, आणि जॉब जिथं चुकेल तेवढाच भाग खोला. खोलताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो, शिम आणि गिबचे स्क्रू वेगवेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा लिहिलेली. बेड ग्राइंडिंगचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा, कुठल्या जॉबसाठी? बेड ग्राइंड केला की कॅरेज तेवढी खाली येते, तिला ओढणाऱ्या लीड स्क्रू आणि फीड शाफ्टशी तिचा मेळ बिघडतो, तो पुन्हा जुळवायला स्क्रेपिंग करणारा हात लागतो. तुमच्या साठ हजारांत ते बसणार नाही, आणि मला वाटतं त्याची गरजही पडणार नाही.

टेपर येतो, म्हणजे जॉब एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक निघतो, म्हणून जे लेथ बदनाम होतात, त्यातले कितीतरी मुळात नीट उभेच केलेले नसतात. बेड हा लोखंडाचा असला तरी एका पायाखाली पत्रा कमी पडला की पिळतो. शहाबादी फरशीवर पाय टेकवू नका, ती खाली पोकळ असते. कोबा असेल तिथं, लोखंडी जाड प्लेटा ठेवून त्यांवर लेव्हलिंग बोल्ट घ्या. मग ३५-४० मिलिमीटरचा एक रॉड चकमध्ये धरा, दोनशे मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग थोडा खाली कापून दोन्ही टोकांना एकेक कॉलर ठेवा, आणि धार लावलेल्या एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या, टूलनं दोन्ही कॉलरवरून एकाच सेटिंगमध्ये हलका कट घ्या. मायक्रोमीटरनं मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित वर घ्या. लहान आली तर खाली. पुन्हा कट, पुन्हा माप. या कामात एखादी संध्याकाळ जाईल, पण यात तुमचं इन्स्पेक्शनचं शिक्षण शंभर टक्के कामी येतं. कित्येक चांगले टर्नर हे टाळतात आणि मग जन्मभर कंपाउंड स्लाइड तिरकी करून टेपर मारत बसतात.

विजेचं. घरगुती सिंगल फेजवर जुनी थ्री फेज मोटार चालवायला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, हा आज सगळ्यात सोपा मार्ग आहे. त्यात २३० व्होल्टची सिंगल फेज जाते आणि २३० व्होल्टची थ्री फेज बाहेर पडते. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या ४१५ व्होल्टच्या मोटारी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टार आणि डेल्टा या मोटारीच्या तारा जोडायच्या दोन पद्धती; त्या डेल्टात केल्या की २३०-२४० वर चालतात. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं आहेत का बघा. तीनच असली तर रिवाइंडिंगवाला आतून बाकीची काढून देतो. मोटार जळलेलीच निघाली तर हट्ट न धरता दोन एचपीची सिंगल फेज मोटार बसवा. व्हीएफडी लावणार असाल तर एक सावधगिरी: पट्ट्याच्या जुन्या लेथचा चक पुष्कळदा स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. ड्राइव्हला झटक्यात ब्रेक मारायला लावलं किंवा उलटं जोरात फिरवलं, तर चक आट्यांवरून सुटून गॅरेजभर धावतो. ब्रेकिंगचा वेळ मोठा ठेवा आणि रिव्हर्सचं बटण जोडूच नका. कमाईचं काम करणार असाल तर हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात आधी विचारून घ्या. घरगुती मीटरवर धंदा केला आणि पुढं कधी तपासणी झाली तर दंडाचं बिल मामांच्या नावानं येईल.

तेलाबद्दल एक ओळ पुरे. बेड आणि स्लाइडला ६८ नंबरचं, ग्रीस कधीच नाही. ग्रीसमध्ये बारीक बुरादा रुतून बसतो आणि बेड घासत राहतो.

लेथ कुठल्या कंपनीचा, असंही तुम्ही विचारलंत. नेमप्लेट नसलेला प्रत्येक जुना लेथ आपल्या भागात किर्लोस्करचाच असतो, निदान सांगताना तरी! त्यात नवल नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, सायकलचं दुकान त्यांनी बेळगावात १८८८ साली काढलं, आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले नसते तर किर्लोस्करवाडी कदाचित टिळकवाडीच्या शेजारी असती. पुढं १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिथले लेथ सगळ्या मुलखात पसरले. पण पंजाबात बटाल्याला आणि गुजरातेत राजकोटलाही पट्ट्याचे लेथ ढिगानं बनले. बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकावर किंवा हेडस्टॉकच्या मागच्या अंगाला कास्टिंगमध्ये उठवलेली अक्षरं असतील तर वाचा; नसली तर सोडून द्या. कंपनीपेक्षा लीड स्क्रू कुठला आहे ते बघा. पट्टी लावून मोजा. इंचाला ४ आटे निघाले तर तो इंचातला लेथ. मेट्रिक आटे बरोबर पाडायला त्याला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. हा गिअर तुमच्या यादीत आहे का ते मी उत्सुकतेनं विचारतो आहे. बहुतेक जुन्या संचांत तो पहिल्यांदा हरवलेला असतो. नसला तरी अडत नाही. पाइपचे बीएसपी आटे आजही इंचातच असतात आणि दुरुस्तीच्या कामात तेच जास्त येतात. तुटक्या दात्यांचा गिअर उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नवा कापून मिळतो, जुना नमुना घेऊन जा.

आता मामा.

तुम्ही लिहिता, ‘मामांची इच्छा दिसत नाही.’ मला तुमच्याच पत्रात दुसरं काहीतरी दिसतं. ज्याला लेथ नकोसा झालाय तो माणूस बारा वर्षं दर खंडेनवमीला ताडपत्री उचलून कुंकू लावत नाही. आणि ज्याचं पेर त्याच लेथच्या गिअरमध्ये गेलं, तो सुनेला ‘चालव’ असं सहज म्हणणारही नाही. तुम्ही बोटाची गोष्ट शेवटच्या दोन ओळींत उरकली आहे. मला ती पहिल्या पानावरची वाटते. त्यांचं ‘राहू दे’ हे खर्चाबद्दल आहे, लेथबद्दल आहे, की तुमच्या हातांबद्दल आणि घरात हिंडणाऱ्या नातीबद्दल आहे? मला यातलं तिसरं जास्त शक्य वाटतं. चूकही असेन, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण ‘लेथ दुरुस्त करू का?’ असं विचारलं तर या वयाचा माणूस मुलाच्या खिशाकडे बघून ‘कशाला’ म्हणणार, हे ठरलेलं आहे.

म्हणून परवानगी मागू नका, काम विचारा. बॅक गिअरची पिन कुठल्या बाजूनं ओढायची? बुशमधली शिम शेवटची कधी काढली होती? चेंज गिअरचा डबा कुठं आहे? याची उत्तरं जगात त्यांच्याखेरीज कुणाकडे नाहीत. बुशच्या शिमना एकट्यानं हात लावू नका म्हटलं ते यासाठी. पातळ पत्रा एका बाजूनं जास्त निघाला तर स्पिंडल जखडतो किंवा बुश खातो, आणि त्या लेथचा बुश किती आवळल्यावर गरम होतो हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यांना खुर्ची टाकून बसवा. डोळ्यांनी दिसत नसेल तरी चालत्या लेथच्या आवाजावरून ते तुम्हाला सांगतील की पट्टा ढिला आहे की टूल बोथट. एवढं करूनही ते खरंच वैतागले, उठून गेले, तर मग ऐका त्यांचं. लेथ त्यांचा आहे.

पण त्याआधी एक काम त्यांच्यासमोर करा. रंग, मोटार, तेल सगळ्याच्या आधी चेंज गिअरवर पत्र्याचं झाकण बनवून घ्या, बिजागरी आणि बोल्टसह, वडगावात कुठलाही फॅब्रिकेटर देईल. तसंच झाकण पट्ट्यावर. स्टार्टर असा घ्या की वीज गेली आणि परत आली तर लेथ आपोआप सुरू होणार नाही. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. हाताच्या पट्ट्यात येईल असं तांबडं स्टॉप बटण, आणि अर्थिंग नव्यानं. चकची चावी चकमध्ये राहूच नये म्हणून ती स्प्रिंगची घ्या, सोडली की बाहेर पडते. साडी, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, मोकळे केस यांतलं काहीही लेथसमोर चालत नाही. कारखान्यात तुम्ही एप्रन घालत होताच, पण घरात माणूस सैल होतो, ‘एकच कट घ्यायचाय’ म्हणून स्वयंपाकघरातून तसाच येतो. हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, आणि बुरादा हातानं ओढायचा नाही, त्यासाठी लोखंडी आकडा ठेवा. मुलीसाठी जमिनीवर पिवळी पट्टी ओढा आणि मुख्य स्विचला कुलूप लावा. हे सगळं मामांच्या नजरेसमोर झालं, तर त्यांचं म्हणणं बदलतं का ते बघा.

जॉबवर्कचं मी तुम्हाला थोडं थंड पाणी घालूनच सांगतो. तुम्हाला वाटतंय की कमाई दाखवली तरच हा खर्च घरात पटेल. एकाच मापाचे शंभर नग आज सीएनसीकडे जातात, त्या भावात साडेचार फुटी लेथ उभा राहू शकत नाही. उरतं ते एकेकट्या नगाचं काम: पंपाचा स्लीव्ह, मोटारीच्या शाफ्टची बैठक, ट्रॉलीचा बुश, तुमच्याच गल्लीतल्या मागाची झिजलेली पुली. ते काम आहे, आणि ज्याचा माग बंद पडलाय तो दर फार घासत नाही. पण ते येतं तेव्हा ‘आत्ताच पाहिजे’ म्हणून येतं, मुलीच्या शाळेची वेळ बघून येत नाही. पहिल्या वर्षी लेथनं तेलाचा आणि टूलचा खर्च काढला तरी मी त्याला चांगलं म्हणेन. तेव्हा साठ हजार परत मिळतील या हिशेबावर हे सुरू करू नका. तुम्हाला हातानं काम करायचंय, हे कारण पुरेसं आहे; घरात ते असंच सांगितलं तर काय होईल? नवऱ्याला मोबाइल घेताना ‘यातून कमाई काय’ असं कुणी विचारलं नसेल.

त्यांच्या गाडीचं म्हणणं मात्र रास्त आहे आणि ते सुटतं. गॅरेज दहा बाय अठरा आहे असं तुम्ही लिहिलंय. लेथ मागच्या दहा फुटी भिंतीला समांतर उभा केला तर त्याची खोली अडीच-तीन फूट. वॅगन आर बारा फुटांची. तुम्हाला उभं राहायला जागा लागते ती गाडी बाहेर असतानाच. म्हणजे दोन्ही मावतात. गाडी आत घेण्यापूर्वी जमिनीवर चुंबक फिरवून ती झाडायची एवढं पाळा, नाहीतर टायरचं पंक्चर तुमच्या नावावर जाईल. हेडस्टॉककडच्या बाजूला भिंतीपासून दोन-तीन फूट सोडा, लांब रॉड स्पिंडलमधून मागं निघतो. सरकवताना लक्षात ठेवा, या मशीनचं निम्म्याहून जास्त वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या अंगाला असतं; कॅरेज टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन घट्ट करा, पहारीनं एका वेळी थोडंच उचला, खाली पाइप घाला, आणि लीड स्क्रूला दोर बांधून ओढू देऊ नका. मशीन हलवणारी माणसं उद्यमबागेत मिळतात, शेजारच्या पोरांवर हे काम टाकू नका.

भाऊजींशी वाद घालायची गरज नाही. मामा हयात आहेत, वस्तू त्यांची आहे, वाटणीचा प्रश्न आत्ता येत नाही. आणि विकायचाच ठरला तरी फिरणारा लेथ मशीनच्या भावानं जातो, गंजलेला किलोच्या भावानं. म्हणजे साफ करून, मोजून, फिरवून बघण्यापर्यंतचा खर्च दोन्ही वाटांवर वाया जात नाही. हे भाऊजींना फोनवर सांगता येण्यासारखं आहे.

साठातले पंधरा-वीस हजार पहिल्या टप्प्याला बाजूला काढा: झाकणं, वायरिंग, पट्टा, तेल, डायल गेज. मोटार किंवा ड्राइव्ह त्यानंतर, मापं हातात आल्यावर. उरलेल्याला हात लावू नका. चार जॉचा बरा चक, दोन-चार टूल, एखादा गिअर, हे सगळं पहिल्या पावसाळ्याच्या आत मागणी करतं. नवीन तीन जॉ चक घ्यायची घाई नको. चार जॉवर डायल लावून जॉब सेंटर करायला आधी शिका, मामा शिकवतील. आणि कॅरेज नेमकी कुठं अडकते ते अंतर, स्पिंडलची दोन मापं आणि गिअरची यादी मला पाठवा. बुशला हात घालायचा की नाही, ते त्यावर बोलू.